बांधावरून जाणारे अणू

पहाटे ५.४५

काल सकाळी साडेसातला भट्टीत ठेवलेला नमुना आज साडेसातला बाहेर काढायचा आहे, म्हणून अंधारातच घर सोडलं. ऑगस्टचा पाऊस, लोकल दहा मिनिटं उशिरा. खरं तर दहा मिनिटांनी काही बिघडत नाही. चोवीस तासांत दहा मिनिटं म्हणजे एक टक्काही चूक नव्हे. चूक होते ती तापमानात. निकेलच्या कणसीमांवरून सरकणाऱ्या अणूंचा वेग दोनशे अंशांच्या आसपास दर अंशाला साधारण सहा टक्क्यांनी बदलतो. थर्मोकपलने पाच अंश चुकीचे दाखवले, तर माझं उत्तर एक तृतीयांशाने चुकतं. म्हणून काल रात्री अकराला वॉचमनना फोन केला होता, "दादा, लाइट गेली होती का?" "नाही मॅडम, फक्त एकदा लुकलुकली." त्या लुकलुकण्याचा विचार गाडीतही सुटला नाही.

७.१५

काका माझ्याआधी पोहोचलेले. आमच्या प्रयोगशाळेत ते सत्तावीस वर्षं आहेत. या भट्टीच्या विटा त्यांनी स्वतः दोनदा बदलल्या आहेत. मी दारात चप्पल काढायच्या आधीच म्हणाले, "ताई, रेषा सरळ आहे. मी बघितली." रेकॉर्डरवर रात्रभराची नोंद होती: खाली १९९.६, वर २००.४. लुकलुकण्याचा मागमूस नाही. मी हुश्श केलं आणि किरणोत्साराची मात्रा नोंदवणारा टीएलडी बॅज खिशाला लावला.

७.३०

भट्टीतून क्वार्ट्झच्या दोन बंद नळ्या लांब चिमट्याने काढल्या आणि एकामागोमाग पाण्यात सोडल्या. दोन्हींत निकेलच्या पत्र्याचा अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा, एकाच पत्र्यातून शेजारी-शेजारी कापलेला. आम्ही त्यांना जुळे म्हणतो. एकाच्या घासून आरशासारख्या केलेल्या तोंडावर निकेल-६३ या किरणोत्सारी समस्थानिकाच्या सौम्य आम्लद्रावणाचा एक थेंब वाळवलेला आहे. दुसरा कोरा आहे. भट्टीत दोघांनी तीच उष्णता तेवढाच वेळ सोसली. पहिला सांगेल अणू किती आत गेले, दुसरा सांगेल की ते जात असताना धातूच्या आत काय घडत होतं.

निकेल-६३ मधून निघणारे बीटा कण फार दुबळे असतात. काही सेंटिमीटर हवेत अडतात, हातमोजाही ओलांडत नाहीत. धोका आहे तो पोटात किंवा श्वासात जाण्याचा. आणि दुबळे असल्यामुळेच साध्या गायगर काउंटरला ते नीट दिसत नाहीत; टेबलावर सांडलं तर यंत्र गप्प राहू शकतं. म्हणून आम्ही कापसाच्या बोळ्याने प्रत्येक पृष्ठभाग पुसून तो बोळा द्रव-प्रस्फुरण मोजणीला लावतो. अर्धायुकाल सुमारे शंभर वर्षं. आज केलेली घाण माझ्या नातवंडांच्या काळातही निम्मी उरेल, हे मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगते.

८.३०

कोरा जुळा क्ष-किरणांखाली ठेवला.

नॅनोस्फटिकी धातू म्हणजे ज्याचे स्फटिककण शंभर नॅनोमीटरपेक्षा लहान आहेत असा धातू. आमच्या पत्र्यात ते सरासरी पंचवीस. क्ष-किरणांच्या आलेखात साध्या निकेलचं शिखर सुईसारखं येतं. कण बारीक होत जातात तसं ते पसरतं. किती पसरलं यावरून कणाचं माप काढायचं सूत्र पाउल शेररने १९१८ मध्ये दिलं, आजही आम्ही तेच वापरतो. भट्टीत जाण्याआधी या पत्र्याचं मुख्य शिखर सुमारे एक तृतीयांश अंश रुंद होतं. आज जरा अरुंद आलं. हिशेब केला: अठ्ठावीस नॅनोमीटर. पंचवीसचे अठ्ठावीस. एवढं चालतं.

तरी त्या शिखराचा आकार मला आवडला नाही. बुंधा रुंद, पण टोक जरा जास्तच अणकुचीदार. पसरट टेकडीवर कुणी काठी रोवावी तसं. नोंदवहीत लिहिलं, 'टोक पाहा', आणि काकांना विचारलं, उरलेल्या तुकड्यातून टेमसाठी, म्हणजे आरपार पाहणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी, तीन मिलिमीटरची चकती काढाल का. "संध्याकाळपर्यंत देतो," म्हणाले.

१०.००

आता किरणोत्सारी जुळा. पृष्ठभागावर ठेवलेले निकेलचे अणू चोवीस तासांत किती आत शिरले हे बघायचं तर धातू थराथराने सोलायला हवा. खोली मिलिमीटरची असती तर लेथवर कापला असता, मायक्रॉनची असती तर घासला असता. इथे सगळी हकिकत दीड मायक्रॉनच्या आत संपते. म्हणून निर्वात कोठीत आर्गॉनच्या आयनांचा मारा करून धातू हळूहळू उडवायचा. उडालेले अणू समोरच्या प्लॅस्टिक फिल्मवर बसतात आणि दर सहा मिनिटांनी ती फिल्म एक घर पुढे सरकवायची. जुन्या कॅमेऱ्यात फोटो काढल्यावर रोल पुढे फिरवायचो अगदी तसंच. एका घराला साधारण पन्नास नॅनोमीटर. तीस घरं, तीन तास.

हे तीन तास मला दिवसातले सर्वांत प्रिय. दर सहा मिनिटांनी मूठ फिरवायची, वेळ लिहायची, प्रवाह पाहायचा; एरवी बोलायला मोकळीक. या वर्षी आलेली मुलगी शेजारी स्टुलावर होती. सोलापूरकडची, घरी शेती. तिने विचारलं, "मॅडम, निकेल वितळतं १,४५५ अंशांना. दोनशे अंशांवर घन धातूतले अणू हलतात तरी कसे?"

तिला मी म्हटलं, तुमच्या शेतात ज्वारी उभी असताना पलीकडे जायचं झालं तर कुठून जातेस? "बांधावरून." तसंच. स्फटिककण म्हणजे शेत. आत अणू ओळीने, दाटीने उभे. हलायचं तर शेजारी रिकामी जागा हवी आणि अशा जागा फार थोड्या. दोन कण भेटतात तिथे ओळींच्या दिशा जुळत नाहीत, रचना थोडी सैल राहते, अणूला वाट मिळते. ही कणसीमा. रुंदी जेमतेम अर्धा नॅनोमीटर, दोन-तीन अणूंइतकी.

मग आकडे मांडून दाखवले, कारण दाखला कितीही पटला तरी आकड्यांशिवाय मला चैन पडत नाही. दोनशे अंशांवर चोवीस तासांत निकेलचा अणू कणाच्या आतून, हिशेबाने, स्वतःच्या रुंदीच्या एक लाखांश भागाइतकाही सरकत नाही. म्हणजे व्यवहारात हलतच नाही. सीमेवरून मात्र त्याच वेळात तो मायक्रॉनच्या एक तृतीयांशाहून जास्त जातो. दोन्ही वाटांच्या विसरणांकांत, म्हणजे अणू पसरण्याच्या मापांत, एकावर सुमारे सतरा शून्यांचा फरक. एल. जी. हॅरिसनने १९६१ मध्ये विसरणाचे अ, ब, क असे तीन प्रकार पाडले, त्यातला आमचा 'क': शेतं बंद, वाहतूक फक्त बांधांवरून. असं असलं की आलेख सोपा होतो. खोलीचा वर्ग आडव्या अक्षावर आणि किरणोत्साराचा लॉगॅरिदम उभ्या अक्षावर घेतला की सरळ रेषा यायला हवी, आणि तिच्या उतारावरून वेग.

ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आमच्याकडे वाटण्या झाल्या तेव्हा आजोबा म्हणायचे, आता रान कमी आणि बांधच जास्त." नॅनो धातूचं याहून नेमकं वर्णन मी कुठल्या व्याख्यानात ऐकलेलं नाही. कणाचं माप पन्नास मायक्रॉन असेल तर लाखात तीन अणू सीमेवर असतात. शंभर नॅनोमीटरला शंभरात दीड. पंचवीसला सहा. पाच नॅनोमीटरपर्यंत खाली गेलो तर जवळजवळ तीस टक्के. एवढे अणू बांधावर असतील तर हा पदार्थ निकेल राहिला की आणखी काही झाला?

याच प्रश्नातून हे शास्त्र उभं राहिलं. जर्मनीत सारब्र्युकनला हर्बर्ट ग्लायटर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो धसाला लावला. धातू हेलियममध्ये तापवून त्याची वाफ द्रव नायट्रोजनने गार ठेवलेल्या दांड्यावर काजळीसारखी धरायची, ती खरवडायची आणि हवा लागू न देता दाबून वडी करायची. या रीतीने केलेल्या सहा नॅनोमीटर कणांच्या लोखंडावर ग्लायटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकात या नव्या घन रचनेतली अव्यवस्था वायूसारखी असावी असं सुचवलं होतं आणि शेवटी प्रश्नचिन्ह होतं. मी विद्यार्थिनी असताना तो निबंध पहिल्यांदा वाचला. त्या प्रश्नचिन्हावर माझा जीव आहे. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नॅनो पॅलेडियमच्या सीमा पाहिल्या गेल्या, तेव्हा त्या साध्या धातूतल्या सीमांसारख्याच दिसल्या; वायू वगैरे काही नव्हतं. विसरणाचंही तसंच झालं. १९८७ मध्ये नॅनो तांब्यातले आकडे प्रसिद्ध झाले ते थक्क करणारे होते. नंतर कळत गेलं की दाबून केलेल्या वड्यांत बारीक छिद्रं राहतात, ताज्या सीमा ढिल्या असतात. नमुना घट्ट केला, सौम्य तापवून सीमांना बसू दिलं, की वेग सर्वसाधारण सीमांच्या जवळ येतो. आधीच्या लोकांची मोजणी चुकलेली नव्हती. ते ज्या धातूवर मोजत होते त्याची रचना तेव्हा पुरती माहीत नव्हती.

"मॅडम, सहा मिनिटं झाली." मूठ फिरवली.

१.२०

डबा. भेंडीची भाजी, पोळी. फिल्म बाहेर काढून ठेवली आहे, डोळे तिच्याकडेच.

१.४५

फिल्मची तीस घरं कात्रीने कापून तीस बाटल्यांत टाकली, प्रत्येकीत प्रस्फुरक द्रव. बीटा कण द्रवात शिरला की प्रकाशाचा सूक्ष्म ठिपका उमटतो आणि यंत्र ते ठिपके मोजतं. किरणोत्सारी मोजणीत घाई चालत नाही: शंभर ठिपके मोजले तर दहा टक्क्यांची अनिश्चितता राहते, दहा हजार मोजले तर एक टक्का. शेवटच्या बाटल्यांत अणू थोडे, त्यांना जास्त वेळ लागतो. यंत्र लावून दिलं.

एक गोष्ट मुलीला मुद्दाम सांगितली. निकेलमधल्या निकेल अणूची चाल बघायची तर त्याला ओळखायचं कसं? सगळे सारखेच. हा पेच जॉर्ज द हेवेशी यांनी सोडवला. १९२० च्या आसपास त्यांनी शिशाचेच किरणोत्सारी अणू खूण म्हणून वापरले आणि शिशातून शिसं कसं सरकतं ते पाहिलं. या मागकाढ्या अणूंच्या पद्धतीसाठी त्यांना १९४३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या तीस बाटल्या त्याच घराण्यातल्या.

२.३०

मोजणी चालू असताना निकेलची हौदी. पुढच्या पत्र्याचं द्रावण आज तयार झालंच पाहिजे. निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड, बोरिक आम्ल: कारखान्यांत शंभर वर्षं चालत आलेलं हिरवंगार द्रावण. त्यात चिमूटभर सॅकरिन. मधुमेहाचे रुग्ण चहात घालायचे तेच. एवढ्याशा सॅकरिनने कण पंचवीस नॅनोमीटरवर अडतात. ते नसेल तर मोठे होतात. पण त्याची किंमत आहे. सॅकरिनमधलं गंधक पत्र्यात शिरतं आणि तापवल्यावर नेमकं सीमांवर जमा होतं. मी ज्या वाटांवरून चाल मोजते त्याच वाटांवर. म्हणून प्रत्येक हौदीतल्या पत्र्याचं गंधक तपासून घेते. ते न लिहिता नुसतं 'निकेल' लिहिणं मला अपुरं वाटतं.

पत्रा टायटॅनियमच्या पाटीवर चढतो, कारण निकेल तिला घट्ट धरत नाही. काका ब्लेडच्या टोकाने कडा उचलतात आणि पत्रा पापडासारखा सोलून हातात येतो. दिसायला साधा, वाकवायला गेलं तर साध्या निकेलपेक्षा कितीतरी कडक.

हे सगळं कशासाठी, असं घरी आई विचारते. तिला मी कॅनडातलं उदाहरण देते. तिथल्या अणुवीज केंद्रांत बाष्पजनित्रांच्या नळ्या झिजल्या, तेव्हा १९९० च्या दशकात त्यांना आतून बारीक कणांच्या निकेलचं अस्तर विजेने चढवलं गेलं. त्या अस्तरात किंचित फॉस्फरस घातलेला असतो, म्हणजे उष्णतेत कण वाढू नयेत. वर्षानुवर्षं गरम राहायचं आणि तरी बदलायचं नाही, हे या धातूकडून मागणं फार मोठं आहे. ज्या सैल वाटांमुळे अणू भरभर जातात, त्याच वाटांनी ते लहान कणातून मोठ्या कणात जाऊन बसतात. एक कण दुसऱ्याला खातो, सीमा नाहीशी होते.

५.१०

आकडे आले. पहिले दोन बिंदू सोडून दिले, कारण आयनांच्या माऱ्याने वरचा थर ढवळला जातो. बाकीचे अठ्ठावीस मांडले.

रेषा सरळ नाही.

खोलात, अर्ध्या मायक्रॉनच्या पुढे, बिंदू छान ओळीत आहेत. अलीकडे मात्र वर उचललेले, दुसराच उतार दाखवणारे. मुलगी म्हणाली, "मॅडम, खोलातला सरळ भाग घेऊन उतार काढू या ना?" काढला. जो आकडा आला तो चांगला होता. सीमा-विसरणाच्या जुन्या मापनांजवळ बसणारा, कुठल्याही तक्त्यात शोभणारा. अशा वेळी मनाला फार आवर घालावा लागतो. दहा दिवसांची तयारी, चोवीस तासांची भट्टी आणि हाताशी आलेला देखणा आकडा.

मी सकाळच्या नोंदीकडे बोट दाखवलं. 'टोक पाहा.'

६.००

काकांची चकती तयार आहे. दोन बाजूंनी आम्लाचे बारीक फवारे मारत मारत मध्ये ती इतकी पातळ करायची की भोक पडतं. भोक पडल्याक्षणी फवारे थांबले पाहिजेत, कारण भोकाच्या काठालाच इलेक्ट्रॉन आरपार जाण्याइतकी पातळ जागा असते. यंत्र प्रकाश पाहून आपोआप थांबतं, पण काका यंत्रावर पूर्ण विसंबत नाहीत. कान लावून बसतात. फवाऱ्याचा आवाज बदलतो म्हणतात. मला आजवर तो बदल ऐकू आलेला नाही, पण त्यांच्या चकतीचा काठ कधी वाया गेलेला नाही.

टेमच्या अंधाऱ्या खोलीत तिघं बसलो. पडद्यावर आधी अपेक्षित तेच: काळे-पांढरे ठिपके दाटीने, पंचवीस-तीस नॅनोमीटरचे, तांदळाची कणी पसरल्यासारखे. हळूहळू नमुना सरकवला. आणि कणीच्या मधोमध एक भला मोठा दाणा आला. चारशे नॅनोमीटरचा. त्यात जुळ्या स्फटिकांचे सरळ, समांतर पट्टे, आणि कडेला पुढे घुसलेली बोटं: भोवतीच्या बारीक कणांना गिळत गिळत ती सीमा दोनशे अंशांवर पुढे सरकत होती आणि पाण्यात पडल्याबरोबर जिथल्या तिथे थिजली. आणखी सरकवलं, आणखी एक. मग बराच वेळ एकही नाही. मग तीन.

आता आलेखाचं वाकणं समजलं. सीमा जागची हलली की तिच्यावरून चाललेले मागकाढे अणू मागे राहतात, नव्या मोठ्या दाण्याच्या पोटात अडकतात आणि तिथून हलू शकत नाहीत. पृष्ठभागाजवळ असे अडकलेले अणू साचले. म्हणून तिथे मोजणी जास्त. क्ष-किरणांची सरासरी अठ्ठावीस सांगत होती. सरासरी खोटी नव्हती, पण असे मोजकेच दाणे सरासरीत हरवतात. फक्त त्या शिखराच्या टोकाला ते ठाऊक होते.

मुलगी पडद्यावरून नजर काढेना. तिला म्हटलं, बघून घे. तू मोजत असताना तुझा धातू बदलत होता. कणांचं माप आधीचं आणि नंतरचं, दोन्ही न देता नॅनो धातूच्या विसरणाचा आकडा कुणी सांगितला तर तो घेऊ नकोस. माझ्याकडूनही नाही.

७.१०

नोंदवहीत आजचा आलेख चिकटवला, टेमचं छायाचित्र शेजारी. खाली लाल शाईने: 'दोनशे अंश. कणवाढ असमान. उतार तक्त्यात घेऊ नये.' आकडा मात्र लिहून ठेवला, पेन्सिलने. प्रयोगशाळेचे सर उद्या विचारतील आणि त्यांना दोन्ही दाखवायचे आहेत.

मग पुढचं ठरवलं. दीडशे अंश. तिथे सीमांवरची चालही मंदावते, चोवीस तासांत पुरेसा पल्ला मिळणार नाही. दहा दिवस ठेवलं तर अंदाजे मायक्रॉनच्या पाचव्या हिश्शाइतकी चाल मिळेल. फिल्मचं घर पन्नासऐवजी वीस-पंचवीस नॅनोमीटरचं करावं लागेल. आणि या वेळी कोरे जुळे तीन घालायचे. एक दुसऱ्या दिवशी काढायचा, एक पाचव्या, एक शेवटी. वाढ सुरू झालीच तर कधी झाली ते तरी दिसेल.

७.५०

चार नळ्या भट्टीत. काकांनी दोन थर्मोकपल लावले, एक नळ्यांना टेकवून. तापमान चढताना मी आणि मुलगी समोर उभ्या. १४०. १४६. १४९ ला रेषा वळली आणि आडवी झाली. वेळ लिहिली, सही केली, मुलीलाही करायला लावली.

काकांनी भिंतीवरच्या कालनिर्णयवर बोट फिरवत दहा दिवस मोजले. "ताई, तेव्हा आमच्याकडे गणपती बसलेले असतील. मी गावाला कणकवलीला."

"तुम्ही जा काका. मी येईन काढायला."

"एकटीने नाही," ते म्हणाले आणि मुलीकडे वळले. "चिमटा कसा धरायचा ते उद्या सकाळी तुला दाखवतो. साडेसातला ये."